ग्राहक आयोगात जायचंय? आधी जॉबशीट, मग कोड

शेजारच्या मावशींचा फ्रिज सहा महिन्यांत तिसऱ्यांदा बंद पडला. परवा त्या विचारायला आल्या, "तू गेली होतीस ना गं ग्राहक कोर्टात, काय काय लागतं ते सांग." गेले होते आणि हरून आले होते. तक्रार खरी होती, पण ती सिद्ध करायला हातात काही नव्हतं. म्हणून मावशींना जे सांगितलं ते सगळ्यांसाठी लिहून ठेवते आहे.

बिल, वॉरंटी कार्ड, पैसे दिल्याचा पुरावा हे सांगायला नको. फक्त एक, हल्लीची बरीच बिलं गुळगुळीत थर्मल कागदावर येतात आणि आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात लोखंडी कपाटात ती पार पुसट होऊन जातात. वस्तू घरी आली त्याच दिवशी बिलाची झेरॉक्स काढा, मोबाईलमध्ये फोटोही ठेवा.

आता जॉबशीट, म्हणजे मेकॅनिकने काय तपासलं, काय केलं ते लिहिलेला कागद. हा परिच्छेद नीट वाचा, बाकीचं चाळलंत तरी चालेल. मेकॅनिक येतो, खाटखूट करतो आणि निघताना म्हणतो, "मॅडम, मोबाईलवर कोड आलाय तो सांगा." तो कोड सांगितला की कंपनीच्या नोंदीत तक्रार बंद होते, 'दुरुस्ती झाली, ग्राहक समाधानी' म्हणून. माझ्याकडे फ्रिजसाठी मेकॅनिक पाच वेळा आला. एप्रिलचं ऊन, सासूबाईंचं इन्सुलिन शेजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये ठेवलेलं, त्या घाईत मी पाचही वेळा कोड दिला आणि एकदाही कागद मागितला नाही. आयोगापुढे कंपनीने आपल्या कॉम्प्युटरमधला उतारा दाखल केला. पाच तक्रारी, पाचही निकाली, पाचही वेळा ग्राहक समाधानी. त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे नुसतं तोंडी सांगणं होतं. वस्तूत दोष असल्याचं सिद्ध झालं नाही म्हणून तक्रार फेटाळली गेली.

तेव्हा आधी जॉबशीट, मग कोड. त्यावर तारीख हवी, तुमची तक्रार तुमच्या शब्दांत हवी, त्याने काय तपासलं आणि कोणता पार्ट बदलला ते हवं, आणि शेवटी वस्तू चालू झाली की नाही ते हवं. झाली नसेल तर कोड देऊच नका. "आता सगळं ऑनलाइन झालंय, कागद मिळत नाही," असं तो म्हणेलच. मग आपल्या वहीचं पान फाडा, त्यावर लिहा आणि त्याची सही घ्या. सही देत नसेल तर त्याच संध्याकाळी कंपनीला मेल करा, 'आज मेकॅनिक आला होता, दुरुस्ती झालेली नाही' एवढ्या दोन ओळी पुरतात. तो बिचारा नोकरी करतोय, त्याच्याशी भांडू नका, पण कागद सोडू नका.

वैतागून ती वस्तू एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नका. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. वस्तूच गेली तर तपासायचं काय?

मुदत दोन वर्षं, वादाचं कारण घडलं तेव्हापासून. मेकॅनिक येतोय, पत्रं चालू आहेत म्हणून ती आपोआप वाढत नाही. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज सबळ कारणासह द्यावा लागतो. 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी तक्रार जरूर नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. पुष्कळदा कंपनी तिथेच नमते. पण हेल्पलाइन निकाल देत नाही, तिच्या भरवशावर दोन वर्षं घालवू नका. पोस्टाने पोचपावतीसह नोटीसही पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण आपण संधी दिली होती हे दिसतं. पोचपावती जपून ठेवा.

कंपनीचं ऑफिस दिल्लीत असो की चेन्नईत, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, म्हणजे आपल्या सोलापुरातच. दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत फी शून्य. वकील सक्तीचा नाही, मराठीत लिहिलेली तक्रार चालते. सामनेवाले म्हणून दुकानदार आणि उत्पादक दोघांनाही घाला, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. वाढीव वॉरंटी पुष्कळदा तिसऱ्याच कंपनीची असते, तिचंही नाव बिलावरून तपासा.

यंत्रमागवाल्यांसाठी वेगळं सांगते. माग किंवा त्याची मोटर घेतली की समोरचा पहिला मुद्दा हाच काढतो की खरेदी व्यापारी कारणासाठी आहे, हे ग्राहकच नाहीत. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने त्यातून वगळली आहे. 'स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतले' हे वाक्य तक्रारीत पहिल्यापासून असू द्या, नंतर सुचून उपयोग नाही.

व्हॉट्सॲपचे प्रिंट जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र (हे प्रिंट याच मोबाईलमधले आहेत असं सांगणारं) जोडा आणि तो मोबाईल विकू नका. शपथपत्र, कागदपत्रांची क्रमांक घातलेली यादी, सामनेवाले जितके तितक्या जादा प्रती. यादीत जॉबशीट आहेत ना? तारखेच्या क्रमाने लावल्यात ना? पुन्हा बघा.

पुढचं थोडक्यात. ऑनलाइन दाखल करायचं तर ई-जागृती पोर्टल आहे. तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे साधारण 21 दिवसांत ठरतं. मग समोरच्याला म्हणणं द्यायला 30 दिवस, फार तर आणखी 15, त्यापुढे नाही. तडजोडीची शक्यता दिसली तर आयोग मध्यस्थीकडे पाठवू शकतो, पटलं तर करा. पुराव्याचं शपथपत्र, लेखी युक्तिवाद, निकाल. कायद्यात तीन महिने लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त लागतात, तारखा चुकवू नका. अपील 45 दिवसांत राज्य आयोगाकडे. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर दरखास्त, म्हणजे आदेश अमलात आणा असा अर्ज.

मावशींकडे मेकॅनिक उद्या सकाळी येणार आहे. कोरा कागद आणि पेन मी त्यांच्या फ्रिजवरच ठेवून आले आहे.