घरात पोर असताना मुलांसाठी कसं लिहायचं, सोमवार ते रविवार

घरी लहान मूल आहे तरी तू पुस्तकं लिहितोस कधी, असं मला दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी विचारतंच, आणि त्यांना वाटतं मी रात्री बारानंतर दिवा लावून बसत असेन. बारापर्यंत जागं राहायची माझी ताकद लेक बालवाडीत गेली तेव्हाच संपली. आता ती दुसरीत आहे, बायको हिंजवडीला जाते, तिची कंपनीची बस साडेसातला कोथरूडहून सुटते, म्हणजे डबा, दोन वेण्या, पाण्याची बाटली आणि रिक्षाकाकांची हाक हे सगळं माझ्या वाट्याला. ज्यांना ह्यातूनच लिहायचंय त्यांच्यासाठी माझा आठवडा सांगतो, जे पटेल ते घ्या.

पहिलं काम म्हणजे लिहिण्याची कामं सुटी करा. "लिहायला वेळ मिळत नाही" म्हणतो तेव्हा आपण तीन-चार वेगळी कामं एकाच गाठोड्यात बांधलेली असतात. नवीन काही कागदावर उतरवायला ताजं डोकं लागतं आणि निदान तासभर कुणी "बाबा" म्हणता कामा नये. खाडाखोड पंधरा-पंधरा मिनिटांत होते. मोठ्याने वाचून बघायला उलट घरात पोर असावंच लागतं. मेल, बिलं, करार ह्यांना डोकं कमी आणि संयम जास्त. एकदा हे वेगळं केलं की कुठलं काम कुठल्या फटीत बसतं ते दिसायला लागतं.

सोमवार आणि मंगळवार नव्या लिखाणाचे. २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊनंतर भरवा असा सरकारी आदेश आला, आमची शाळाही सरकली, त्यामुळे माझी पहाटेची पळापळ गेली पण सकाळचा निवांत तासही गेला. आता रिक्षा गेली की मी घरात परत येऊन केर न काढता थेट टेबलावर बसतो. केर काढला की भांडी दिसतात, भांडी घासली की वॉशिंग मशीन दिसतं, मग दुपार. फोन स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यावर ठेवायचा, आवाज चालू ठेवून, कारण शाळेतून फोन येऊ शकतो, पण हाताशी नको.

चित्रपुस्तक लिहीत असाल तर मंगळवारी डमी, म्हणजे पुस्तकाचा हाताने केलेला कच्चा नमुना, करा, हे मी पहिली दोन पुस्तकं केलं नाही आणि फार पस्तावलो. ए-फोरचे आठ कागद घ्या, एकात एक ठेवून मधोमध दुमडा, मध्ये दोन पिना मारा, झाली ३२ पानं. ३२ च का तर छापताना मोठ्या कागदावर एका बाजूला आठ आणि मागे आठ अशी सोळा पानं बसतात, घडी घातली की त्याचा एक फॉर्म, आणि असे दोन फॉर्म मिळून आपलं पुस्तक, म्हणून ३० किंवा ३५ पानांची गोष्ट घेऊन गेलात तर छापणारा तुमच्याकडे बघत बसतो. सुरुवातीची चारेक पानं शीर्षक, प्रकाशनाची माहिती वगैरेत जातात, म्हणजे तुमच्या हातात साधारण २८, म्हणजे तेरा-चौदा जोडपानं, उघडल्यावर समोरासमोर येणारी दोन-दोन पानं. त्यात पेन्सिलीने गोष्ट वाटून टाका. उजव्या पानाच्या शेवटी काय येतं ते बघा, कारण तिथे पोर पान उलटणार. "दारामागून खर्र खर्र आवाज आला" हे उजवीकडे, आणि कोण होतं ते पुढच्या पानावर. दोन्ही एकाच जोडपानावर आलं की चित्रातला बोका आधीच दिसतो आणि तुमचं खर्र खर्र वाया जातं.

बुधवारी संध्याकाळी लेकीचा स्केटिंगचा क्लास, पाच ते सहा. तिथे कठड्यावर बसून खाडाखोड करायची, प्रिंट आणि पेन्सिल घेऊन, फोनवर नाही, फोनवर केली की शेजारचे पालक ग्रुपमधला मेसेज दाखवायला येतात. नुकतं वाचायला लागलेल्या मुलांसाठी लिहीत असाल तर बुधवारचं एक ठरलेलं काम म्हणजे जोडाक्षरांना गोल करणं. एका पानावर सहा-सात गोल दिसले की वाक्य मोडा. "प्रचंड वृक्ष" चा "केवढं मोठं झाड" होतो, "प्रत्येकाने" चा "सगळ्यांनी" केला तरी एक जोडाक्षर राहतंच, राहू दे. अतिरेक नको. राक्षसात क्ष आहे म्हणून आजवर कुठल्याच पोराने राक्षस सोडलेला नाही, मजा असेल तर ती अडखळत अडखळत वाचतात.

गुरुवार म्हणजे पुण्यात दुरुस्तीचा वार. कधी लाईट नाही, कधी पाणी नाही, आणि नशीब जोरावर असेल तर दोन्ही. लॅपटॉप चाळीस टक्क्यांवर असताना गोष्ट सुचत नाही हा माझा अनुभव, म्हणून गुरुवारी कागद आणि फोन. करार वाचायचा. मुलांसाठी लिहिणारे लोक "आपलं काय, लहान मुलांचं तर आहे" म्हणून कशावरही सही करतात, तसं करू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ बघून ठेवा, हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण करारात "कायमचे" आणि "जगभर" असं छापलेलं असेल तर हा आधार गेला, म्हणून तेच दोन शब्द आधी शोधायचे.

शाळांचे फोनही ह्याच दिवशी घेतो. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, त्याच्या चार दिवस आधी सगळ्यांना लेखक आठवतात. "सर, मानधन नाही पण शाल-श्रीफळ आहे." माझ्याकडे सहा शाली आहेत, पुण्यात थंडी पडते किती. आता मी पहिल्याच फोनवर दोन गोष्टी विचारतो, मानधन किती आणि मुलं किती. एका मोठ्या शाळेने हॉलमध्ये पाचशे मुलं बसवून माईक दिला होता, मागच्या शंभरांनी एकमेकांच्या बुटांच्या नाड्या बांधल्या आणि मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं. एक तुकडी, एक वर्ग, जमिनीवर बसून, हे ठामपणे सांगा.

चित्रकारालाही गुरुवारीच फोन करा, आणि बोलून झालं की फोटो पाठवा. मी एका गोष्टीत नुसतं "शेकरू" लिहून मोकळा झालो आणि कच्च्या चित्रात आली पाठीवर पट्टे असलेली गुबगुबीत खार. चूक माझी. शेकरू म्हणजे आपला राज्यप्राणी, भीमाशंकरला जाऊन मी स्वतः बघितलेला, तांबूस, लांबलचक शेपटीचा, पाठीवर पट्टे नाहीत, हे मला माहीत होतं, चित्रकाराला कुठून कळणार. अकरा चित्रं परत करावी लागली.

शुक्रवारची रात्र सगळ्यात महत्त्वाची. दुसऱ्या दिवशी शाळा नाही, झोपायची घाई नाही, तेव्हा कच्ची गोष्ट मोठ्याने वाचा. "आवडली का?" हे विचारू नका, पोरं बाबाला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणतात. पायांकडे बघा. लेकीचे पाय पांघरुणात हलायला लागले की मी त्या ओळीपाशी पेन्सिलीने टिंब देतो, बोलत काही नाही. तीन टिंबं जवळजवळ आली की तो परिच्छेद गेला. आणि मध्ये प्रश्न आला तर थांबा. मी एकदा पालीची गोष्ट वाचत होतो, मांजर येतं, पाल शेपूट टाकून पळते, शेपूट तिथेच वळवळत राहतं, मग हळूहळू नवीन येतं आणि सगळे खूश. मला वाटलं बरी झालीय. लेक उठून बसली आणि म्हणाली, "पण जुनं शेपूट कोणी झाडलं?" मी म्हटलं झाडलं असेल कुणीतरी. "कोणी? आजीने? मग आजी ओरडली नाही?" पुस्तकाचा अख्खा दुसरा भाग त्या केरसुणीतून निघाला, पाल राहिली बाजूलाच.

पण एक पथ्य पाळा. लेकीने सांगितलेली एक गोष्ट, पोहायला जाताना ती कशाला घाबरते ती, मी न विचारता एका अंकात लिहिली, नाव बदलून. वर्गातल्या मुलीने वाचली आणि ओळखली. दोन दिवस लेक माझ्याशी फक्त "डबा दे" एवढंच बोलली. आता विचारतो, आणि नाही म्हणाली तर नाही. कधी कधी "हत्तीला घडलं असं लिही" म्हणते, तेवढं चालतं.

शनिवारी लिहायचं नाही, ऐकायचं. आम्ही कधी अप्पा बळवंत चौकात जातो, तिथे पुस्तकांच्या दुकानात अर्धा तास उभे राहा, मूल एक पुस्तक उचलतं आणि मागून आवाज येतो, "ते नको, काहीतरी नॉलेजचं घे." मूल काय उचलतं ते वहीत लिहा, आई काय घ्यायला लावते तेही लिहा, कारण पैसे ती देते. कधी पेशवे पार्कात फुलराणीत, मुलांच्या छोट्या आगगाडीत, बसतो. ती गाडी १९५६ पासून फिरतेय, मी बसलोय, माझी आई बसलीय, आणि डब्यातली पोरं अजून तितकीच किंचाळतात. मोठ्यांनी लिहिलेल्या संवादांत मुलं "अरे वा, किती छान!" म्हणतात, फुलराणीत एकाही मुलाने ते म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. "सरक ना", "मला खिडकी", "आई हा बघ ना". तेच पाच-सहा ओळी जसंच्या तसं टिपून घ्या.

रविवारी काही नाही. फक्त दिवाळी अंकाला गोष्ट द्यायची असेल तर जून-जुलैतले दोन रविवार त्यात जातात, आपण ऐन पावसात आकाशकंदील लिहीत असतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा. बाकी रात्री नऊला सोमवारची भाजी निवडून ठेवायची, त्याने सकाळची वीस मिनिटं वाचतात आणि ती लिहायला मिळतात. गवार ठेवा, घेवडा ठेवा. भेंडी नको, ती आधी चिरली की तार सुटते आणि डबा तसाच परत येतो.