पंचायतीच्या तीन पायऱ्या आणि दिव्यांगांचा हक्क: अर्ज कसा करायचा

गोव्यात व्हीलचेअरवरच्या माणसाला पंचायत कार्यालयात शिरता येत नसेल, तर तो हक्कभंगच आहे. पण अर्जाची सुरुवात ‘संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार’ अशी केली, तर तो फायलीत जाऊन बसतो. आधी मोजमाप, मग आपला कायदा आणि शेवटी करार, असा क्रम ठेवा.

पायऱ्यांची उंची टेपने मोजा. एकूण ४५ सेंटीमीटर भरली, तर १:१२ उतारासाठी (एक भाग उंचीला बारा भाग लांबी) ५.४ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. बऱ्याचदा दोन मीटरची फळी टाकून ‘रॅम्प केला’ म्हणतात. तो उतार जवळजवळ १:४ होतो. त्यावर खुर्ची मागे उलटू शकते, आणि पावसाळ्यात तर बघायलाच नको. टेप दिसेल असा फोटो काढा. कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठल्या दाखल्यासाठी गेला होता आणि काय उत्तर मिळालं, ते लिहा. ‘आम्ही खाली येऊन सही घेतो’ असं म्हणाले असतील, तर तेही शब्दशः लिहा. मेहेरबानी म्हणून खाली येणं वेगळं आणि हक्काने आत जाणं वेगळं.

अर्जाचा कणा म्हणजे दिव्यांगजन हक्क कायदा २०१६, कलम ४५. नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारतीही सुगम करायच्या होत्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. त्याखाली एकच ओळ जोडा: भारताने २००७ मध्ये मंजूर केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराचं कलम ९ (सुगमता). हा कायदा त्याच कराराच्या अंमलबजावणीसाठी झाला आहे, त्यामुळे ही ओळ वजनदार ठरते.

अर्ज पंचायत सचिवांकडे द्या, प्रत गटविकास अधिकाऱ्यांना. मराठीत लिहिला तरी चालतो. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीला जागा आहे. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. दाद लागली नाही, तर राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे जा. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत केलेली कार्यवाही कळवायची असते.

पोलीस कोठडीतली मारहाण किंवा निवारागृहातले हाल असा प्रकार असेल, तर पणजीचा गोवा राज्य मानवाधिकार आयोग. फी नाही. घटनेला एक वर्ष उलटलं की आयोगाला चौकशी करता येत नाही. निनावी अर्ज टिकत नाही. तोच अर्ज दिल्लीच्या आयोगालाही धाडायचा मोह आवरा: राज्य आयोगापुढे प्रलंबित असलेल्या प्रकरणाची राष्ट्रीय आयोग चौकशी करत नाही.

जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेचं काय? कराराच्या समितीकडे वैयक्तिक तक्रार करता येत नाही, कारण त्यासाठीचा ऐच्छिक प्रोटोकॉल (वेगळा जोडकरार) भारताने स्वीकारलेला नाही. विशेष प्रतिवेदकांना, म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांना, मात्र ऑनलाइन अर्जातून लिहिता येतं. पीडिताची संमती लागते, आणि सरकारला पाठवलेलं पत्र सहसा ६० दिवसांनी जाहीर होतं. नाव उघड होण्याबद्दल त्या माणसाशी आधी नीट बोला. तिथून निकाल मिळत नाही, सरकारला विचारणा होते.

आदेशच हवा असेल, तर पर्वरीचं उच्च न्यायालय. वकिलाच्या फीची धास्ती नको: विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग, महिला, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जाताना शिक्क्याची प्रत आणि फोटो घेऊन जा.