मुंबईजवळ राहायला उपनगर कसं निवडायचं? आधी संध्याकाळचा परतीचा प्रवास करून बघा

गेल्या अठरा वर्षांत आम्ही पाच घरं बदलली, डोंबिवली, बदलापूर, परत डोंबिवलीतच दोन आणि आता ठाणे. शिवाय नणंदेसाठी, मावसभावासाठी आणि ऑफिसमधल्या दोघी मैत्रिणींसाठी घरं शोधत फिरले ते वेगळंच. त्यामुळे कोणी "बदलापूरला ये गं, हवा किती छान आहे" किंवा "उलव्याला घेऊन टाका, पुढे भाव कुठच्या कुठे जाईल" असं सांगायला लागलं की मला गप्प बसवत नाही. हवा छान आहे हे खरंय, भावही वाढेल कदाचित, पण रोज रात्री तुम्ही घरात पाऊल किती वाजता ठेवणार आणि तेव्हा अंगात किती जीव उरलेला असणार हे त्यातून काहीच कळत नाही, आणि राहायचं तर त्याच्यावरच असतं.

बजेट किती, भाड्याने की विकत, वन बीएचके की टू, हे तुम्ही ठरवलेलं असणारच. ते सोडून पुढचं सांगते.

आधी लोकलची लाईन ठरवा, गाव नंतर. घरातली कमावती माणसं कुठे जातात ते कागदावर लिहा आणि त्या ऑफिसांना कुठलं स्टेशन लागतं ते बघा. एक गाडी बदलावी लागत असेल तर चालतं. दोन बदलाव्या लागत असतील तर ते गाव तिथेच खोडून टाका, कितीही स्वस्त असलं तरी. नवरा ऐरोली-महापे बाजूला आणि बायको फोर्टात असेल तर ठाणे किंवा मुलुंड बरं पडतं, कारण ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी ट्रान्स हार्बर लोकल मिळते. एकाचं ऑफिस अंधेरीला असेल आणि राहायचं सेंट्रल लाईनलाच असेल तर घाटकोपरहून मेट्रो आहे, फक्त घाटकोपरच्या पुलावरची गर्दी एकदा सकाळी नऊला बघून या.

किलोमीटर बघून ठरवू नका. सीएसएमटीपासून डोंबिवली ४८ किलोमीटर आणि पनवेल ४९, म्हणजे सारखंच, पण डोंबिवलीहून फास्ट गाडी आहे आणि पनवेलच्या हार्बर लाईनला सगळ्या स्लोच, त्यामुळे पनवेलहून सव्वा तासाच्या वरच जातो. आणि तुमचं स्टेशन फास्टचं आहे का तेही बघा. माझं ऑफिस करी रोडला होतं, तिथे फास्ट थांबतच नाही, दादरला बदलावी लागते. ही एवढीशी गोष्ट मी बदलापूरला जाताना हिशोबात धरलीच नव्हती.

जी लाईन आज चालू आहे तेवढीच धरा. "मेट्रो येतेय" यावर एक रुपया जास्त मोजू नका. बेलापूर-पेंधर मेट्रोचं काम २०११ ला सुरू झालं आणि गाडी धावली नोव्हेंबर २०२३ ला, ११ किलोमीटरला १२ वर्षं. नेरूळ-उरण लाईनवर खारकोपरपर्यंत लोकल २०१८ ला आली आणि पुढे उरणपर्यंत यायला जानेवारी २०२४ उजाडला. तेवढ्या वर्षांत मुलगा पहिलीतून कॉलेजात जातो.

आता खरं अवघड काम, आणि हेच लोक करत नाहीत. ज्या घराचा विचार करताय तिथपर्यंतचा प्रवास गर्दीच्या वेळी स्वतः करून बघायचा. सकाळचा करतात काही जण, तेवढं पुरत नाही. संध्याकाळचा करायचा.

माझं काय झालं ते सांगते. २०१२ च्या जानेवारीत आम्ही बदलापूरला घर बघायला गेलो ते शनिवारी दुपारी दोन वाजता. ब्रोकर म्हणाला स्टेशनपासून दहा मिनिटं, रिक्षा समोरच उभी होती, खरोखर नऊ मिनिटांत पोचलो, गॅलरीतून चंदेरीचा डोंगर दिसत होता आणि मी तिथेच हो म्हणून टाकलं. सकाळचं मग जमलं सुद्धा, कारण सकाळी घड्याळ आपल्या हातात असतं. दहा मिनिटं आधी निघायचं, बदलापूरहून सुटणारी गाडी धरायची, पंधरा दिवसांत ग्रुप होतो, कोणीतरी जागा धरतं, बसून जाता येतं. संध्याकाळी यातलं काहीच आपल्या हातात नसतं. साडेसहाला सुटणार म्हणायचं, लिफ्टमधून खाली येईपर्यंत पावणेसात, करी रोडहून स्लोने दादर, तिथे पूल चढून उतरून फास्टच्या प्लॅटफॉर्मवर, आणि गाडी येते ती सीएसएमटीहूनच भरून. लेडीज डब्यात चढलं की प्रत्येकीला "कुठे उतरणार, कुठे उतरणार" विचारत आत सरकायचं, एखादी ठाण्याची सापडली तर पुढे बसायला मिळणार, पण बदलापूर गाडीत बसलेल्या बहुतेक अंबरनाथ-बदलापूरच्याच. मग उतरल्यावर रिक्षाची रांग. मुलगी तीन वर्षांची, पाळणाघर आठला बंद व्हायचं आणि मी पोचायची पावणेनऊला. पाळणाघरातल्या काकू तिला बूट घालून, दप्तर पाठीला लावून, बाहेर पायरीवर घेऊन बसलेल्या असायच्या. एका शब्दाने कधी बोलल्या नाहीत, पण लांबून ते बांधलेले बूट दिसले की माझ्या पोटात गोळा यायचा. अकरा महिने काढले आणि डोंबिवलीला परत आलो. घर वाईट नव्हतं, बदलापूरही वाईट नाही. मी शनिवारी दुपारी दोनला बघितलं ही चूक झाली.

म्हणून आता मी कोणासाठीही घर बघते तेव्हा त्यांना मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारी पाठवते. मे महिन्यात नाही, दिवाळीच्या सुट्टीत नाही, गाड्या तेव्हा मोकळ्या असतात. आपल्या रोजच्या वेळेला, रोजची बॅग घेऊन, ऑफिसच्या गेटपासून निघायचं आणि त्या सोसायटीच्या गेटपर्यंत जायचं. चार वेळा लिहून ठेवायच्या: ऑफिसचं गेट सोडलं ती, गाडीत पाय ठेवला ती, स्टेशनवर उतरलो ती आणि सोसायटीच्या गेटशी पोचलो ती. किती गाड्या सोडाव्या लागल्या तेही लिहा. हे दोन वेगवेगळ्या दिवशी करा आणि जो आकडा मोठा येईल तोच खरा धरा, सरासरी काढत बसू नका, कारण मुलाला पाळणाघरातून आणायचं असेल किंवा आईला औषध द्यायचं असेल तर सरासरीचा काही उपयोग नसतो. माझ्या मते गेट ते गेट पावणेदोन तासांच्या वर गेलं तर ते घर सोडून द्यावं, तिथे कितीही मोठा हॉल मिळत असला तरी.

गाडीत चढता येतं की नाही हे स्टेशनवर अवलंबून असतं. जिथून गाडी सुटते ते स्टेशन घ्या असं मी ठामपणे सांगते, सेंट्रलला ठाणे, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, वेस्टर्नला बोरिवली, भाईंदर, वसई, विरार. तिथेही मागच्या एकदोन स्टेशनांवरून उलटं येऊन लोक आधीच बसलेले असतात हे धरून चाला, पण निदान पाय ठेवायला मिळतो. मधल्या स्टेशनांचं तसं नाही. दिव्याला, मुंब्र्याला सकाळी गाडी येते तीच दरवाजे भरून. वेस्टर्नला बोरिवलीला राहणार असाल तर विरार फास्ट आपली गाडी धरू नका, संध्याकाळी त्यात चढलात तर बोरिवलीला उतरणं कठीण होतं. "फर्स्ट क्लासचा पास काढू" हा सल्लाही ऐकू नका, गर्दीच्या वेळी फर्स्ट क्लासला सुद्धा लोक दरवाज्यात उभे असतात. एसी लोकल चांगली, पण तुमच्या वेळेला आहे का ते टाइमटेबलात बघा आणि ती चुकली तर पुढची किती वेळाने ते पण. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याजवळ दरवाज्यात लटकलेली माणसं गाडीतून पडून गेली. कामावर निघालेली माणसं होती ती. दरवाज्यात उभं राहून रोज जाईन असं धरून घराचा हिशोब करू नका, तुमच्या घरी कोणीतरी वाट बघतंय.

स्टेशन ते घर हा प्रवासाचाच भाग आहे, लोक त्याला वेगळा मोजतात. "स्टेशनपासून दहा मिनिटं" म्हणजे कुठल्या वाहनाने आणि किती वाजता ते विचारा. संध्याकाळी आठला शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहा, पुढे किती माणसं आहेत ती मोजा, एका रिक्षात तीन जण, म्हणजे तीस माणसं असतील तर दहा रिक्षा जायला हव्यात आणि त्या किती वेळात लागतात ते घड्याळ लावून बघा. शेवटची शेअर रिक्षा किती वाजता मिळते हे रिक्षावाल्यालाच विचारा, ब्रोकरला नको. ईस्टला की वेस्टला हेही ठरवून घ्या, कारण रोजची बाजू चुकली तर पुलावरची गर्दी ओलांडण्यात दहा मिनिटं जातात. भाड्याचे चार हजार जास्त पडले तरी चालत जाता येईल असं घर मिळत असेल तर घ्या, हे मी दोन घरांच्या अनुभवावरून सांगतेय. घोडबंदर रोडला टॉवर छान आहेत, पण तिथून ठाणे स्टेशन गाठणं हा वेगळाच प्रवास आहे, सकाळी साडेआठला बसने करून बघा. उलव्याला राहून अटल सेतूवरून गाडीने जाऊ म्हणणाऱ्यांनी टोल आधी महिन्याच्या खर्चात लिहावा, सेतू सुरू झाला तेव्हाच कारला एका बाजूचे २५० होते.

पावसाळ्यात एकदा तरी जाऊन याच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस सगळ्यांना आठवतो, पण बदलापूर-वांगणी बाजूला घर घेणाऱ्यांनी जुलै २०१९ पण आठवावा, उल्हास नदीचं पाणी चढून महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली होती आणि हजारभर प्रवाशांना होड्यांनी काढावं लागलं होतं. नदीजवळ घर असेल तर पूररेषा विचारा, आणि नुसतं विचारू नका, तळमजल्यावरच्या दुकानदाराला पाणी कुठपर्यंत आलं होतं ते भिंतीवर हात ठेवून दाखवायला सांगा. तो दाखवतो. वेस्टर्नला नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी येतं, सेंट्रलला कुर्ला-सायनला, म्हणजे तुमचं घर कोरडं असलं तरी तुम्ही अडकणारच, अशा दिवशी रात्री कोणाकडे थांबता येईल हे आधी ठरवून ठेवा.

पाण्याचं सोपं आहे. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे एप्रिल-मेच्या टँकरच्या पावत्या मागा. द्यायला कां-कूं केलं की समजून जा.

वासाचंही तसंच, रात्री अकराला गच्चीवर जाऊन पंधरा मिनिटं उभे राहा. डोंबिवली एमआयडीसी, अंबरनाथ, तळोजा या बाजूंना दिवसा काही कळत नाही आणि रात्री घसा धरतो. डोंबिवलीच्या एमआयडीसीत मे २०१६ ला आणि मे २०२४ ला मोठे स्फोट झाले, आसपासच्या इमारतींच्या काचा फुटल्या, त्यामुळे लहान मुलं असतील तर मी तिथून लांबच घर बघेन.

विकत घेणार असाल तर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्पाचा नंबर बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी खोटी कागदपत्रं लावून रेराचे नंबर मिळवले होते आणि २०२४ ला हायकोर्टाने त्या पाडायला सांगितल्या, त्यात राहणाऱ्यांनी कर्ज काढून घरं घेतली होती. बांधकामाची परवानगी आणि ओसी, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला, पालिकेतून स्वतः पडताळा, वकिलाचे पैसे वाचवू नका, आणि वकील बिल्डरने सुचवलेला नको.

शाळा आणि रात्री उघडं असणारं हॉस्पिटल, दोन्ही रिक्षाच्या अंतरात हवं. बाजार, देऊळ, नाट्यगृह हे हळूहळू कळतं.

आणि काहीही आवडलं तरी आधी अकरा महिने भाड्याने राहा. लिव्ह अँड लायसन्सचा भाडेकरार मेच्या पहिल्या आठवड्यापासून करून घ्या, म्हणजे शाळा सुरू व्हायच्या आत सामान लागतं, मेमध्ये टँकर किती येतात ते दिसतं आणि जुलैमध्ये स्टेशनवरून घरी कसं जायचं ते कळतं. ब्रोकर म्हणेल ही खोली उद्या जाईल, तर जाऊ द्या, दुसरी मिळते.