थंडीतला मका: लष्करी अळीसाठी तारीख नको, ऊब मोजा

दिवाळी उरकली की आपल्या भागात रात्रीचा गारठा वाढतो आणि रब्बीच्या मक्यात एक चूक हमखास होते. उन्हाळी मक्याला जितक्या दिवसांनी औषध मारलं, तितकेच दिवस धरून आताही पंप पाठीवर चढतो. पण मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी (फॉल आर्मीवर्म) तारखेने वाढत नाही, उबेने वाढते. कायम ३२ अंशांत अंड्यापासून पतंग व्हायला साधारण २० दिवस लागतात. १८ अंशांत तेच ७१ दिवसांवर जातं.

यात ध्यानात ठेवण्यासारखं असं की गारठ्यात सगळ्याच अवस्था जवळपास सारख्या प्रमाणात लांबतात. अळीची अवस्था ऊन असो वा थंडी, एकूण काळाच्या निम्म्याच्या आसपास राहते. म्हणून रानात अंडी कधी दिसली ते टिपून ठेवलं, तर पुढचा अंदाज बांधता येतो.

हिशेब सोपा आहे. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवून निम्मं करा, त्यातून १२.५ वजा करा. उरलेली ऊब रोज वहीत मांडत जा. अंडी फुटायला साधारण ३५, अळी पूर्ण वाढायला २०० आणि अंड्यापासून पतंगापर्यंत ३९० अंश ऊब लागते. कमाल २९, किमान १५ असेल तर रोजची ऊब साडेनऊ: अंडी चौथ्या दिवशी फुटतील, अळी तीन आठवडे खात राहील. सरासरी २८ असती, तर हीच अळी तेरा दिवसांत कोषात गेली असती. गावागावाची ऊब वेगळी, म्हणून आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्याच अथणीच्या पाहुण्यांनी सांगितलेली तारीख खानापूरच्या रानाला लागू पडेलच असं नाही.

अळी लहान असतानाच औषध लागू पडतं. मोठी झाली की ती पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, खोल बसते, वर विष्ठेचा भुसा साचतो आणि औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. सगळ्यात जास्त पान ती याच शेवटच्या दिवसांत खाते. माझं आग्रहाचं सांगणं, एकरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा आणि पतंग दिसू लागले की दर दोन-तीन दिवसांनी पानं उलटून बघा. अंड्यांचे पुंजके हातानेच चुरडा. अंडी किंवा नुकत्या फुटलेल्या अळ्या दिसल्या तर १५०० पीपीएमचं निंबोळी औषध लिटरला ५ मिली. पानांवर खिडक्या, म्हणजे खरवडून कागदासारखे पातळ झालेले ठिपके, पडलेल्या दिसल्या तर इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के, लिटरला ०.४ ग्रॅम, संध्याकाळी, नोझल पोंग्यात धरून. वैरणीच्या मक्यावर मात्र हे रासायनिक औषध मारू नका. जनावरांच्या पोटात जाईल. शंका असेल तर किडलेलं रोप पिशवीत घालून शेती खात्याच्या रयत संपर्क केंद्रात दाखवा.