१२,३४,५६,७८९ चे अवयव पाडताना या चुका टाळा

एक ते नऊ अंक क्रमाने लिहून तयार होणाऱ्या या संख्येच्या अंकांची बेरीज ४५ येते, त्यामुळे तिला ९ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार १,३७,१७,४२१ मिळतो. अंकांच्या बेरजेची ही कसोटी ३ आणि ९ साठीच खरी आहे. ती २७ ला लावू नये. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, तरी २७ ने भागल्यास बाकी ९ उरते.

खरी चूक पुढे होते. १,३७,१७,४२१ ला ७, ११, १३ असे करत शंभरापर्यंतच्या, फार तर हजारापर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग जात नाही असे दिसले, की ती मूळ संख्या आहे असे घाईने लिहिले जाते. नियम मात्र वर्गमुळापर्यंत तपासण्याचा आहे, आणि येथे वर्गमूळ ३७०३ च्या थोडे पुढे आहे. पहिला विभाजक सापडतो तो ३६०७, म्हणजे जवळजवळ हद्दीच्या टोकाशी! ३५०० वर थांबणाऱ्याचीही फसगत होईल.

अशा वेळी एकेका मूळ संख्येने भागत बसण्याऐवजी सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा यांची रीत वापरून पाहावी. वर्गमुळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या ३७०४ घेतली, तर तिच्या वर्गातून आपली संख्या वजा केल्यावर २१९५ उरतात, जो पूर्ण वर्ग नाही. ३७०५ घेतल्यास ९६०४ उरतात, आणि तो ९८ चा वर्ग आहे. म्हणून ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३ हे दोन अवयव दुसऱ्याच प्रयत्नात हाती येतात. दोन्ही अवयव वर्गमुळाच्या जवळ असले तरच ही रीत इतकी झटपट चालते, हे लक्षात ठेवावे. शिवाय मिळालेले अवयव स्वतः मूळ आहेत का, हेही तपासावे लागते. येथे ६१ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात, आणि दोन्ही अवयव मूळच ठरतात.

आता अवयव ३ × ३ × ३६०७ × ३८०३ असे झाले. चार अवयव दिसतात म्हणून विभाजकांची संख्या २ चा चौथा घात, म्हणजे १६, धरणे चूक आहे. ३ चा घातांक २ असल्यामुळे ती ३ × २ × २ = १२ भरते.

या संख्येचा वर्ग स्प्रेडशीटमध्ये काढणाऱ्यांनीही सावध राहावे. खरे उत्तर १५२४१५७८७५०१९०५२१ असे सतरा अंकी आहे. एक्सेल पंधराच सार्थ अंक राखते आणि शेवटी ५०० दाखवते. विषम संख्येचा वर्ग सम येऊच शकत नाही, एवढ्यावरूनही ही चूक जागच्या जागी पकडता येते.