नेक्सॉन घ्यायची ठरली, पण इंजिन कुठलं? असं ठरवा

टाटाची नेक्सॉन घ्यायची ठरली की घरात रंगावर आणि सनरूफवर आठवडाभर चर्चा चालते, आणि इंजिनचं मात्र शोरूममध्ये दहा मिनिटांत उरकलं जातं, बऱ्याचदा स्टॉकमध्ये जी उभी असेल तीच गळ्यात पडते. मला हे फार खटकतं. रंगाची सवय होते हो, पण न झेपणारं इंजिन सात-आठ वर्षं रोज जाणवतं, पेट्रोल पंपावर पण आणि घाटात पण. म्हणून नीट क्रमाने कसं ठरवायचं ते लिहितोय.

आधी काय काय मिळतं ते बघा

रांजणगावात बनणाऱ्या या गाडीला पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी असे तीन पर्याय आहेत (इलेक्ट्रिकचा हिशोब पूर्ण वेगळा, तो इथे घेत नाही). पेट्रोल म्हणजे 1199 सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो, ताकद 120 पीएस आणि टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, 170 एनएम. डिझेल 1497 सीसीचं, चार सिलिंडर, 115 पीएस आणि 260 एनएम. सीएनजीत तेच टर्बो पेट्रोल इंजिन आहे, गॅसवर 100 पीएस आणि 170 एनएम देतं, हा पर्याय 2024 च्या सप्टेंबरात आला.

हे 1199 आणि 1497 आकडे असे काठावरचे का, तर चार मीटरच्या आतली गाडी, पेट्रोल किंवा सीएनजी 1200 सीसीपर्यंत आणि डिझेल 1500 सीसीपर्यंत असेल तरच ती सरकारच्या लेखी छोटी गाडी. सप्टेंबर 2025 पासून अशा गाड्यांना 18 टक्के जीएसटी आहे, मोठ्यांना 40. त्यामुळे या वर्गात इंजिनं छोटी आणि कमी सीसीतून ताकद काढायला टर्बो, हे तुम्हाला बाकी कंपन्यांतही दिसेल.

आणि पीएस बघून भुलू नका. कागदावर पेट्रोल जास्त ताकदीचं दिसतं, पण पाच माणसं आणि सामान घेऊन चढ चढताना कामाला येतो तो टॉर्क, आणि तो किती आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला किती फेऱ्यांना) मिळतो ते. डिझेलचे 260 एनएम 1500 आरपीएमपासूनच हाताशी येतात, पेट्रोलचे 170 साधारण 1750 च्या पुढे.

मग आपलं रनिंग काढा, अंदाजाने नको

सध्याच्या गाडीचा किंवा बाईकचा ओडोमीटर महिन्याच्या पहिल्या तारखेला फोटो काढून ठेवा आणि पुढच्या महिन्यात परत. लोक तोंडी सांगतात "महिन्याला दोन हजार तर होतंच", आणि मोजलं की सहाशे-सातशे निघतं. मे महिन्यातली कोकणची ट्रिप आणि दिवाळीतलं गावाला जाणं वेगळं धरा, कारण वर्षातनं दोनदा होणाऱ्या प्रवासासाठी वर्षभराचं इंजिन निवडायचं नसतं.

नुसते किलोमीटर पण पुरत नाहीत, एका दमात गाडी किती चालते तेही लिहा. रोज हिंजवडी-कोथरूड करणारा आणि रोज नाशिक-सिन्नर करणारा, दोघांचं महिन्याचं रनिंग सारखं असलं तरी दोघांना वेगळं इंजिन लागेल, कारण खाली डीपीएफमध्ये, म्हणजे डिझेलच्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या भागात, सांगतो.

आता पैशाचा हिशोब

शोरूममधून एकाच व्हेरियंटचं पेट्रोल, डिझेल, सीएनजीचं ऑन-रोड, म्हणजे टॅक्स-विमा सगळं धरून, कोटेशन मागा, एक्स-शोरूम नको. महाराष्ट्रात डिझेलला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त आहे आणि सीएनजीला पेट्रोलपेक्षा कमी, त्यामुळे ब्रोशरमधला फरक आणि खिशातून जाणारा फरक वेगळा असतो.

मग ही साधी आकडेमोड, यातले भाव आणि मायलेज मी उदाहरणासाठी धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. पेट्रोल 104 रुपये आणि मायलेज 14, म्हणजे किलोमीटरला 7 रुपये 43 पैसे. डिझेल 91 आणि मायलेज 18, म्हणजे 5 रुपये 6 पैसे. फरक 2 रुपये 37 पैसे. डिझेल ऑन-रोड दीड लाखाने महाग पडत असेल तर तो दीड लाख वसूल व्हायला 63 हजार किलोमीटर लागतील. महिन्याला 1500 चालवणाऱ्याचे साडेतीन वर्षांत वसूल, 500 चालवणाऱ्याचे साडेदहा वर्षांत, म्हणजे बहुतेक तोवर गाडी विकलेली असेल.

सीएनजीला 77 रुपये किलो आणि 17 चं मायलेज धरलं तर किलोमीटर 4 रुपये 53 पैशाला पडतो. लाखभर जास्त दिले तरी साडेचौतीस हजार किलोमीटरमध्ये निघतात, महिन्याला हजार चालवणाऱ्याला पावणेतीन-तीन वर्षं. ब्रोशरमधलं मायलेज या हिशोबात कधीच घालू नका, ते लॅबमधल्या टेस्टचं असतं, ज्यांच्याकडे तेच इंजिन आहे अशा दोघा-तिघांना टाकी फुल ते टाकी फुल मायलेज विचारा.

डिझेल घेणार असाल तर डीपीएफ समजून घ्या

बीएस6 या प्रदूषणाच्या नियमातल्या, म्हणजे एप्रिल 2020 पासूनच्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सर लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. अडकलेली काजळी गाडी अधूनमधून स्वतःच जाळते, पण त्यासाठी एक्झॉस्ट खूप तापावा लागतो आणि तो तापायला सलग पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालणं लागतं. मुलांची शाळा, भाजी मंडई, परत घर, असं तीन-तीन किलोमीटरचं रनिंग असेल तर ते जळणं अर्धवट राहतं, काजळी साठत जाते आणि एक दिवस डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिवा लागला तर गाडी बंद न करता हायवेला काढा आणि एक गिअर खाली ठेवून थोडे जास्त आरपीएम राखत चालवा, सहसा तेवढ्याने साफ होतं. पण दर महिन्याला हेच करावं लागणार असेल तर डिझेल तुमच्यासाठी नाही, मग टॉर्क कितीही आवडो.

उलट आठवड्याला पुणे-कोल्हापूर किंवा समृद्धीवरून ये-जा असेल तर मी डोळे झाकून डिझेल म्हणेन. भरल्या गाडीने खंबाटकी चढताना ज्या सहजपणे ते ओढतं, ते सुख वेगळंच आहे.

सीएनजीचं आधी पंपावर जाऊन बघा

घरापासून ऑफिसपर्यंतच्या वाटेवर सीएनजी पंप किती आहेत ते मॅपवर नको, सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला प्रत्यक्ष जाऊन बघा. रिक्षांची रांग, मध्येच प्रेशर नाही म्हणून थांबणं, हे सगळं तुमच्या रोजच्या वेळेत धरावं लागतं. गावाकडच्या रस्त्यावर पंप नसेल तर तेवढं पेट्रोलवर चालणार, म्हणजे वरच्या हिशोबात तेवढे किलोमीटर पेट्रोलच्या भावाने घाला.

नेक्सॉनमध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी डिकीच्या तळाशी दोन छोटे सिलिंडर आहेत त्यामुळे 321 लिटर जागा उरते (पेट्रोल-डिझेलला 382 आहे), दोन बॅगा आरामात बसतात, ही सोय मला खरंच आवडते. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करून घ्यायची हे मात्र विसरू नका.

टेस्ट ड्राइव्ह तुमच्या रस्त्यावर घ्या

शोरूमवाल्यांचा ठरलेला सपाट रस्ता असतो, त्यावर सगळीच इंजिनं छान वाटतात. तुम्ही चढाचा रस्ता मागा, पुण्यात असाल तर जुना कात्रज घाट, मुंबईत असाल तर निदान एखादा चढाचा फ्लायओव्हर. घरची माणसं बसवा, एसी फुल करा. मग स्पीडब्रेकरला वेग कमी करा, गाडी तिसऱ्या गिअरमध्येच ठेवा आणि हळू अ‍ॅक्सिलरेटर दाबा. पेट्रोल टर्बोला इथे क्षणभर दम लागतो, 1800 आरपीएमच्या खाली ते सुस्त असतं आणि मग एकदम जोर येतो. दुसरा टाकला की प्रश्न सुटतो, पण रोज ट्रॅफिकमध्ये असं सारखं दुसरा-तिसरा करायला तुम्हाला चालणार आहे का ते तिथेच कळेल. सिग्नलला थांबल्यावर स्टेअरिंगवर हात ठेवून थरथर पण बघा, तीन सिलिंडरची जाणवते.

क्लच दाबून पाय दुखत असेल तर गिअरबॉक्सचा विचार याच वेळी करा. सात स्पीडची डीसीए, म्हणजे डबल क्लचवाली, फक्त पेट्रोलला मिळते आणि ती खूप स्मूद आहे. डिझेलमध्ये ऑटोमॅटिक हवी तर एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे क्लच-गिअर आपोआप बदलणारी, तिच्यात गिअर बदलताना मान थोडी पुढे जाते, पण मॅन्युअलवर जास्तीचे पैसे डीसीएपेक्षा कमी लागतात.

माझ्या मते महिन्याला आठशेच्या आत आणि बहुतेक शहरात असाल तर पेट्रोल, हजार-बाराशे असून पंप वाटेवर असेल तर सीएनजी, आणि दीड हजाराच्या वर लांब पल्ल्याचं असेल तरच डिझेल.

ठरलं की बुकिंग फॉर्मवर इंधन, गिअरबॉक्स आणि व्हेरियंटचं पूर्ण नाव तुमच्यासमोर लिहून घ्या, आणि "डिझेलला दोन महिने वेटिंग आहे, पेट्रोल उद्या देतो" असं कोणी म्हणालं तर खुशाल दोन महिने थांबा.