नदीकडे उतार, घराकडे चढ : सोलापुरातून सायकलवर

सोलापूर सपाट आहे, इथे सायकलला काय मजा, असं म्हणणाऱ्याला मी एका रविवारी पहाटे वडकबाळच्या सीनेच्या पुलावर घेऊन जाते. जाताना तो खूष असतो. पायडल मारावंच लागत नाही, सायकल आपली पळते. परतताना हत्तूरच्या अलीकडे तो गप्प होतो. सकाळचे नऊ वाजलेले असतात, ऊन पाठीवर आलेलं असतं आणि डोळ्यांना सपाट दिसणारा रस्ता मांड्यांना मात्र चढ आहे हे कळायला लागलेलं असतं.

आपलं शहर माळावर आहे, नद्या खाली आहेत. पश्चिमेला आणि दक्षिणेला सीना, तिच्यापलीकडे भीमा. म्हणून सोलापुरातून नदीकडे निघालं की उतार आधी मिळतो आणि चढ शेवटी, तोही उन्हात. घाटातल्या सायकलवाल्यांचं गणित याच्या उलटं असतं. ते आधी चढतात आणि उतरत घरी येतात. आपल्याकडे तसं मुख्यतः तुळजापूरच्या रस्त्याला होतं. नदीकडे जाताना हात राखून चालवायचं. माझा नियम असा : नदीवर पोचल्यावर 'अजून दहा किलोमीटर सहज जाईन' असं वाटत असेल तर वेग बरोबर होता. दम लागलेला असेल तर चुकलं.

दुसरं गणित वाऱ्याचं. जूनपासून ऑगस्टपर्यंत आपल्याकडे पश्चिमेचा वारा सुटतो आणि माळावर त्याला अडवायला काही नाही. त्या दिवसांत पश्चिमेकडे जायचं, म्हणजे मंगळवेढ्याच्या रस्त्याला. जाताना तोंडावर वारा असतो. उतार असूनही कष्ट पडतात, पण परतताना तोच वारा चढावर पाठीशी येतो. थंडीत सकाळी वारा पूर्वेकडून असतो, तेव्हा हैदराबाद रस्ता धरायचा. घर सोडण्याआधी गच्चीवर जाऊन वाळत घातलेले कपडे कुठल्या बाजूला उडतायत ते बघा. मी आजही तेवढं बघूनच रस्ता ठरवते.

नव्या माणसाने सुरुवात तिऱ्ह्यापासून करावी. मंगळवेढा रस्त्याने सीनेच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढंच. तीन-चार रविवार ते अंगवळणी पडलं की पुढे कामती, बेगमपूर, आणि भीमेचा मोठा पूल ओलांडला की माचणूर. सोलापुरातून एका बाजूचे चाळीस किलोमीटर धरून चाला. माचणूरला सिद्धेश्वराचं देऊळ थेट नदीकाठावर आहे आणि शेजारी किल्ला. 1695 ते 1699 औरंगजेबाची छावणी इथेच, ब्रह्मपुरीला होती. पण मला तिथे आवडतो तो घाट. पायऱ्यांवर बूट काढून बसायचं, पाय पाण्यात सोडायचे आणि शेंगापोळी खायची. ज्या शहरात शेंगापोळी मिळते तिथल्या सायकलवाल्याने परदेशी एनर्जी बार का घ्यावेत, ते मला कळलेलं नाही. गूळ, दाणे, तीळ, सगळं तिच्यात आहे. ती उन्हात वितळत नाही आणि खिशात दबली तरी बिघडत नाही. दर तासाला अर्धी पोळी, भूक लागायच्या आधी.

पाण्याच्या दोन बाटल्या घ्या. एकीत साधं पाणी, दुसरीत लिंबू-मीठ-साखर. मार्चच्या मध्यापासून दोनही पुरत नाहीत. हे मी सोसून शिकले. तिसऱ्या की चौथ्या वर्षी, मार्चअखेर, सीना-भीमेच्या संगमावरच्या कुडलहून निघायला उशीर झाला. वडकबाळचा पूल ओलांडून चढाला लागले तेव्हा साडेदहा वाजले होते, बाटल्या कोरड्या होत्या आणि अंगावर काटा यायला लागला होता. कडक उन्हात थंडी वाजली की समजायचं, अंगातलं पाणी संपलंय. वस्तीवरच्या एका आजींनी लिंबाखाली बसवलं. "बसा की जरा, कुठं निघालाव एवढ्या उन्हाचं?" म्हणत तांब्याभर ताक दिलं. मीठ मागितलं तर मूठभर आणलं. तासभर मी तिथून उठले नाही. तेव्हापासून पंधरा मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत साडेआठला मी घरात असते, मग फेरी तिऱ्ह्याची झाली तरी चालेल. सोलापुरी पंचा ओला करून मानेवर टाकायचा, हेही तेव्हापासूनचं. दक्षिण सोलापुरात पाणी मागताना मराठी चालतंच, पण कानडीत "स्वल्प नीर कोडरी", म्हणजे थोडं पाणी द्या, म्हटलं की घरातला माणूस हसत बाहेर येतो.

कुडलचा रस्ता माझा सगळ्यात लाडका, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. विजापूर रस्त्याने सोरेगाव, हत्तूर, वडकबाळ, मग मंद्रूप. हा हमरस्ता रुंद आहे. कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या आत, सरळ रेषेत चालवायचं. वळून बघायचं असेल तर आधी सायकल स्थिर करायची, कारण मान वळली की हँडल वळतं आणि मागे ट्रक असतो. मंद्रूपला चहा घ्या आणि हत्तरसंग कुडलचा फाटा तिथेच विचारून घ्या. हमरस्ता सोडून डावीकडे, म्हणजे पूर्वेला जायचं आहे. इथून सगळं बदलतं. रस्ता अरुंद होतो, दोन्हीकडे ऊस आणि ज्वारी, आणि तुम्ही दोन नद्यांच्या मधल्या जमिनीवर असता. डावीकडे सीना, उजवीकडे भीमा, दिसत दोन्ही नाहीत. वारा थंड लागायला लागला की संगम जवळ आला.

कुडलच्या संगमेश्वराच्या देवळात शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा मराठी लेख आहे. 'वाछि तो विजेया होईवा', जो वाचेल तो विजयी होईल. शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात 359 मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. मी दरवेळी त्या अक्षरांसमोर उभी राहून ती ओळ मोठ्याने वाचते. चाळीस किलोमीटर स्वतःच्या पायांनी येऊन हजार वर्षांपूर्वीचं मराठी वाचणं, हे गाडीतून उतरून वाचण्यासारखं नसतं. इथे किमान पाऊण तास थांबा. पाय मोकळे होतात आणि परतीच्या चढाला जीव येतो.

ऊसतोडीच्या दिवसांत या रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. टेपचा आवाज एवढा असतो की चालकाला तुमची घंटी ऐकू जात नाही, आणि मागची ट्रॉली वळणावर आत कापते. ओलांडायचा मोह टाळा. मागे ऊस गळत असतो, टिपरू चाकाखाली आलं तर सायकल सरकते. पहाटे अंधारात निघत असाल तर पुढे दिवा आणि मागे लाल दिवा, दोन्ही हवेतच. ट्रॉल्यांना दिवे असतीलच असं नाही.

पावसानंतर वेगळा धोका आहे. शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती डांबरावर पसरते आणि ओली असली की तिच्यावर टायर टिकत नाही. तिथे ब्रेक दाबायचा नाही, वळायचं नाही, पायडल थांबवून सरळ निघून जायचं. रस्त्याच्या कडेला सराटा आणि वेड्या बाभळीचे काटे असतातच. सायकल कुठेही थांबवली तरी ती मुरमावरून ढकलू नका, उचलून न्या. मी 28 मिलिमीटरचे टायर वापरते, हवा 75 पीएसआयच्या आसपास. दोन ट्यूब, टायर लिव्हर (टायर उचकटायची पट्टी) आणि हातपंप हे सगळं सीटखालच्या पिशवीत. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर पाच मिनिटांत दुसरीही जाते.

सप्टेंबरात निघण्याआधी पुलांची चौकशी करा. आपल्याकडे पाऊस नसला तरी भीमेला उजनीतून सोडलेलं पाणी येतं आणि सीना अहिल्यानगरकडून भरून येते. 2025 च्या सप्टेंबरात सीनेच्या पुराने लांबोटीला पुणे महामार्गच बंद पडला होता. बंधाऱ्यावरून पाणी वाहत असेल तर घोट्याएवढं असलं तरी सायकल घालायची नाही.

नळदुर्ग पन्नास किलोमीटर. बोरामणी, इटकळ, अणदूर, रस्ता सोपा आहे. किल्ल्यात बोरी नदी अडवून बांधलेल्या धरणाच्या पोटात पाणीमहाल आहे आणि भर पावसात नर-मादी धबधबे वाहतात. अडचण एवढीच की तेव्हाच वारा उलटा असतो, परतीला थेट तोंडावर. मी ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाते. वारा पडलेला असतो आणि बहुतेक वर्षी पाणी अजून असतं.

आणि तुळजापूर. हिप्परग्याच्या तलावाशी उजाडलं पाहिजे असं निघा. 1871 चा हा तलाव, थंडीत पहाटे त्याच्यावर धुकं असतं. पुढे उळे, तामलवाडी, हळूहळू चढ. शेवटी बालाघाटचा घाट. सोलापूर साडेचारशे मीटरवर, तुळजापूर सुमारे 650 वर. घाट सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर टाका, चढावर ताण देऊन बदलाल तर चेन उतरते. मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या संचात, म्हणजे कॅसेटमध्ये, सगळ्यात मोठी चकती 32 दातांची असेल तर बसूनच चढता येतं. श्वास मोजून घ्या, गप्पा मारता येतील एवढाच वेग ठेवा. वर बालाघाटच्या माथ्यावर पाणी वाटलं जातं, उत्तरेचं गोदावरीकडे आणि आपल्या बाजूचं भीमेकडे. उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडून सोडून दाबा. मग पंचेचाळीस किलोमीटर घराकडे उतार, सोलापूरकराला एरवी क्वचितच मिळणारा.

फक्त कोजागिरीच्या सुमाराला या रस्त्याला सायकल आणू नका. त्या रात्री सोलापूरहून हजारो माणसं चालत आईकडे जातात, वाहतूक दुसरीकडून वळवतात, रस्ताभर अनवाणी पाय असतात. मी त्या दिवशी सायकल घरी ठेवते आणि त्यांच्याबरोबर चालत जाते.